आवाजाच्या पुढे

उन्हाळ्यातल्या रात्री विमान आधी कानाला लागतं आणि मग, बऱ्याच उशिरानं, डोळ्यांना. शहरात राहून हे कळत नाही. तिथं विमानाचा आवाज गाड्यांच्या, पंख्यांच्या, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात मिसळून जातो आणि त्याचं स्वतःचं असं काही उरत नाही. शिंदखेड्यात, वैशाखातल्या रात्री, दिवसभर तापून आता कुठे निवू लागलेल्या मातीच्या धाब्यावर उताणं पडलं, की तो अगदी सुटा ऐकू यायचा. आधी नुसती एक घरघर, पलीकडच्या गल्लीत कुणी रात्रीचं दळण घेऊन बसावं तशी. मग ती वाढत वाढत डोक्यावर यायची, सगळं आभाळ भरून टाकायची आणि नेमकं अमुक जागी बोट ठेवता येऊ नये अशी चहूकडून उतरायची. आम्ही मुलं उठून बसायचो, आवाज जिथून येतोय तिथं डोळे लावायचो. तिथं चांदण्यांखेरीज काही नसायचं.

"आवाजाच्या पुढे बघा," आप्पा पडल्या पडल्या म्हणायचे.

पुढे म्हणजे तापीकडे, सातपुड्याच्या अंगाला. आणि खरंच, आवाजाला कितीतरी मागे टाकून, त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा थाटात एक तांबडा ठिपका लुकलुकत निघालेला असायचा. दिसला की बरं वाटायचं आणि लगेच वाईटही, कारण दिसेपर्यंत तो निम्मं आभाळ ओलांडून गेलेला असायचा. पुढे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला : नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली पोचायला साधारण अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात विमान सहा-सात किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. आप्पांनी हा हिशेब कधी केला नव्हता. त्यांनी नुसतं पुष्कळ वेळा वर पाहिलं होतं.

आणि विमान दिसलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य यायचं. "इंदूरले चालनं."

उत्तरेकडे जाणारं प्रत्येक विमान इंदूरला जायचं. दिल्लीची, लखनौची, आणखी कुठकुठली विमानं या आभाळातून जात असतील याची त्यांना पर्वा नव्हती. त्यांची एकुलती बहीण, आमची फुई, इंदूरला दिलेली होती. तेव्हा उत्तर ही दिशा फुईच्या ओट्याशी जाऊन संपते, त्यापुढे काही असेल तर ते सरकारनं पाहावं, असा त्यांचा भूगोल. मुंबईहून निघालेलं विमान अमुक मिनिटांत इंदूरला उतरतं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं, पण मिनिटांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलायचा. कधी पाऊण तास, कधी तास. आम्ही विचारायचो, आप्पा, मग आपल्या घरावरून इंदूरला किती वेळ? ते थोडा वेळ गप्प राहायचे. मग म्हणायचे, झोपा आता.

धाब्यावरची ती झोप आता गावातही उरलेली नाही. घरं स्लॅबची झाली, स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टी होऊन राहतो, आणि खाली खोलीत कूलर असतो. तेव्हा पऱ्हाट्या अंथरून वर खारी माती लिंपलेलं जाड धाबं असायचं. संध्याकाळी आई त्यावर पाणी शिंपडायची. पहिला तांब्या पडला की माती श्वास सोडायची, गरम, ओला, किंचित खारट वासाचा. तो वास जिना उतरून चुलीपर्यंत यायचा. बाजेवर दिवसा वाळत घातलेल्या बिबड्या गोळा करून झालेल्या असायच्या, त्यांचाही आंबूस वास बाजेच्या सुंभात राहिलेला असायचा. मग गोधड्या, उशाशी पाण्याचा तांब्या, बुराई नदीच्या कोरड्या पात्राकडून येणारी एखादी झुळूक, आणि स्टेशनाकडे शंटिंग करणारी मालगाडी. ह्या सगळ्याच्या वरून, फार वरून, ती घरघर जायची.

फुईला आणायला आप्पा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी निघायचे. मुराळी गेल्याशिवाय सासुरवाशीण निघत नाही, मग तिला दोन मुलं होवोत की तिचे केस पिकोत, आणि आखाजीला माहेरी न आलेली लेक ही खानदेशात अख्ख्या गल्लीच्या बोलण्याचा विषय होते. मी हट्टानं मागे लागायचे. पहाटे आई ज्वारीच्या पिठात दूध घालून दशम्या करायची, बरोबर लसणाची चटणी, एका पिशवीत शेंगा, एकीत तुरीची डाळ. नरडाण्याच्या फाट्यावर आग्रा रोडला जाऊन उभं राहायचं. तिथून इंदूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पण हा आकडा मी आज लिहिते आहे, तेव्हा इंदूर हे किलोमीटरांत नव्हतं. ते एका दिवसाच्या पल्ल्यावर होतं, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या.

त्या दिवसाचे टप्पे मला पाठ आहेत. सावळद्याच्या पुलावर तापी यायची, आप्पा उजवा हात छातीला लावायचे. उन्हाळ्यात तिचं पाणी एका काठाला सरकलेलं, बाकी वाळू, वाळूत टरबुजांच्या वाड्या. मग शिरपूर, मग पळासनेर, आणि महाराष्ट्र संपत असल्याची खूण म्हणून रस्त्याकडेला थांबलेल्या ट्रकांची लांब रांग. सातपुडा त्या दिवसांत बोडका असतो. सागाची पानं खाली, फांद्या वर, आणि फांद्यांमधून पलीकडची टेकडी स्पष्ट दिसायची. बिजासनीच्या घाटात ड्रायव्हर गाडी थांबवायचा. देवीला नारळ फुटायचा, खोबऱ्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या हातात पडायचा, आणि पुन्हा गाडीत बसलो की कंडक्टर हिंदी बोलू लागलेला असायचा. सेंधव्याला रुईचा वास यायचा, जिनिंगच्या आवारांतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकलेला दिसायचा. खलघाटला नर्मदा. तिथं मात्र गाडीतल्या सगळ्या बायका एकदम जाग्या व्हायच्या, पदराच्या गाठी सुटायच्या, खिडक्यांतून हात बाहेर जायचे आणि नाणी कठड्यावर आपटून खाली पडायची. पाण्यात पडल्याचा आवाज कधी ऐकू आला नाही. पूल उंच होता.

मग चढण, महू, आणि माळव्याची संध्याकाळ. आमच्याकडे सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्या असतात. माळव्यात तो मावळला की वारा गार होतो, आणि गाडीच्या खिडकीत ठेवलेल्या कोपराला ते सर्वात आधी समजायचं. इंदूर आलं हे मला दिव्यांवरून कळायच्या आधी कोपरावरून कळायचं.

फुई दारातच असायची. दुपारपासून असायची, असं शेजारीण सांगायची.

परतताना तोच रस्ता, तेच टप्पे, पण फुई खिडकीशी. पळासनेरच्या अलीकडे ती डोक्यावरचा पदर सैल करायची. तापीच्या पुलावर पोचेपर्यंत तिची इंदुरी हिंदी पुरती ओसरून जायची आणि अहिराणी अशी सुरू व्हायची की आम्हा मुलांना हसू यायचं. ती एकदा आली की आखाजी होऊन जायची, कडुनिंबाला बांधलेले झोके सुटायचे, खापरावरचे मांडे आणि रस खाऊन खाऊन कंटाळा यायचा, तरी ती असायची. मृगाचं आभाळ भरून येईपर्यंत असायची. एवढ्या लांबून आलेल्या लेकीनं चार दिवसांत परत जाणं कुणाच्या मनातच येत नसे. वाटेनं जेवढा दिवस खाल्ला तेवढा मुक्काम तरी वाढायलाच हवा, असा त्यामागचा विचार असावा. धाब्यावर ती आणि आप्पा शेजारी शेजारी गोधड्या टाकायचे आणि मधे आम्ही. त्या रात्रींना आभाळाची वाटणी व्हायची. उत्तरेकडे जाणारी विमानं आप्पांची. दक्षिणेकडे येणारं दिसलं की फुई म्हणायची, "इंदूरथून उनं." तिच्या घराच्या बाजूनं आलेलं काहीतरी आता माहेरावरून चाललं आहे, म्हणून ती जरा उठूनही बसायची.

आमचा मुलूख आडवा आहे. तापी पूर्वेकडून येते आणि पश्चिमेला जाते, आणि रूळही तिच्याच चालीनं टाकलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरतेकडून हा मार्ग आणला : नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, जळगाव. उधना ते जळगाव तीनशेहून थोडे जास्त किलोमीटर, आणि त्या लांबीवर अख्ख्या खानदेशाची पोटं सुरतेला गेली आणि दिवाळीला परत आली. पण उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं म्हटलं की आमच्या रुळांना ते ठाऊकच नाही. मुंबई आमच्या नैऋत्येला, सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. आगगाडीनं जायचं तर आधी पश्चिमेला सुरत गाठायची आणि मग समुद्राच्या कडेनं खाली उतरायचं, साडेचारशेच्या वर किलोमीटर होतात. एक रात्र जाते. सुरतेच्या फलाटावर मध्यरात्री चहावाल्याच्या हाकेनं जाग येते आणि आपण मुंबईकडे निघालो आहोत की मुंबईपासून दूर, याचा अंदाज काही क्षण लागत नाही.

इथून नेहमी काहीतरी जात असतं. नदी, गाड्या, चिमठाण्याजवळून धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला इंग्रज सरकारचा खजिनाही एकदा असाच चालला होता, १९४४ च्या एप्रिलात. तो क्रांतिकारकांनी वाटेत लुटला. थांबलेली गोष्ट एवढीच, असं आप्पा गमतीनं म्हणत. बाकी सगळं निघून जातं.

मीही गेले. मुंबईला नोकरी, मुंबईलाच घर. आप्पा गेले. फुई म्हातारी झाली, इंदूरहून तिचं येणं बंद झालं, आणि एका मे महिन्यात तिच्या नातीचा फोन आला, की ती तुझं नाव घेते आहे, येऊन जा. मी तिकीट काढायला बसले. पडद्यावर दोन शहरांची नावं आणि त्यांच्या मधे एक तास पंधरा मिनिटं.

त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. त्यात सावळद्याचा पूल कुठे बसवायचा, बिजासनीचं खोबरं कुठे. विमान कंपन्यांचं घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि उतरून जागेवर थांबलं की बंद होतं, तेव्हा धावपट्टीकडे रांगत जाणं आणि रांगेत उभं राहणंही त्या सव्वा तासातच आलं. हवेतला वेळ तासाच्या आतच. मी घरातला जुना शाळेचा नकाशा काढला. मुंबईवर आणि इंदूरवर पट्टी ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढली. सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या जरा वर भरतं ते अंतर. आग्रा रोडनं तेच पावणेसहाशेच्या पुढे जातं, आणि अवंतिका एक्स्प्रेसनं गेलं तर वडोदरा, रतलाम, उज्जैन असा वळसा घेऊन आठशेहून जास्त. पण मला आकड्यांचं काही वाटलं नाही. माझी नजर रेघेवर होती. नाशिकच्या जवळून निघून, चांदवडच्या डोंगरांच्या पश्चिमेनं, ती खानदेशात उतरत होती आणि दोंडाईचा व शिंदखेडा यांच्या बरोबर मधून तापी ओलांडत होती.

म्हणजे आप्पांचं खरं होतं. सगळी विमानं नसतील, पण इंदूरचं विमान आमच्याच डोक्यावरून जात होतं. पायलट पट्टी ठेवून उडत नाहीत, हवेतल्या वाटाही ठरलेल्या असतात आणि हवामान पाहून त्या इकडेतिकडे सरकतात, हे मला माहीत आहे. तरी त्या रात्री मी नकाशा घडी न घालता तसाच टेबलावर ठेवला.

शिंदखेड्याहून इंदूरला कुणाला विमानानंच जायचं असेल तर काय करावं लागेल, याचाही मी विचार केला. रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, पहाटे विमानतळावर दोन तास आधी हजर व्हायचं, आणि मग सुटल्यापासून पस्तीस-चाळीस मिनिटांनी आपल्याच धाब्यावरून, अंगणात वाळत घातलेल्या पापडांवरून जायचं. उतरायची सोय नाही.

खिडकी उजवीकडची मिळाली. सकाळचं विमान. सह्याद्रीचे कडे मागे पडले, नाशिकच्या भोवतालची धरणं उन्हात पत्र्यासारखी चमकली, आणि मग ते सुरू झालं, ज्याला वरून पाहणारे लोक ओसाड म्हणतात. मे महिन्यातला खानदेश. नांगरून ठेवलेल्या शेतांचे काळे आणि भुरे चौकोन, मधून गेलेल्या नाल्यांच्या कोरड्या रेघा, रेघांच्या कडेला ठिपक्यांएवढी हिरवी झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या पायाशी त्याची सावली शिवून टाकलेली. त्या भुऱ्या रंगाचे किती प्रकार असतात हे खाली राहणाऱ्यालाच वरून कळेल. पेरणीसाठी तयार झालेला भुरा वेगळा, पडीक टाकलेला वेगळा, आणि जिथं गेल्या वर्षी कपाशी होती आणि पऱ्हाट्या अजून उपटायच्या राहिल्यात तो पुन्हा निराळा, किंचित तांबूस. माझ्या शेजारचा तरुण झोपला होता. मी काचेला कपाळ टेकवलं.

आधी रूळ दिसले. दुहेरी, सरळ, इतके सरळ की माणसानं केलेली गोष्ट म्हणून ओळखू यावेत. रुळांच्या कडेला छपरांचा एक पुंजका. तेच असेल, असं मी म्हटलं, आणि म्हणेपर्यंत ते खिडकीच्या मागच्या कडेला सरकलं. पलीकडे तापी होती, आता सुलवाड्याच्या बंधाऱ्यानं पाणी अडवलेली, उन्हाळ्यातही रुंद. लहानपणीच्या वाळूचा मागमूस नाही. दूर उजवीकडे धुरकट उन्हात मुडावदच्या बाजूला, जिथं पांझरा येऊन तापीला मिळते, तिथं पाण्याची एक चमक दिसली असं मला वाटलं. वाटलंही असेल नुसतं.

आणि तेवढ्या वेळात मला एक गोष्ट जाणवत राहिली, की ती घरघर कुठेच नाही. विमानात आवाज असतो, पण तो वातानुकूलनाचा, इंजिनाचा, एकसुरी, कानात कापूस कोंबल्याप्रमाणे बोथट. धाब्यावर उतरणारा आवाज आमच्या मागे, खाली कुठेतरी पडत चालला होता. मी गावावरून गेल्यावर अर्ध्या मिनिटानं तो तिथं पोचणार. तेव्हा कुण्या पोरानं वर पाहिलंच, तर ते आवाजात बघेल; मी तिथं नसेन. कुणीतरी त्या पोराला सांगायला हवं होतं.

सीटचे पट्टे बांधून घ्या, आपण इंदूरला उतरण्यासाठी खाली येत आहोत, असं सांगितलं गेलं. शिंदखेडा मागे पडतं ना पडतं तोच उतरण सुरू होते. सातपुडा मी पाहिला, पण चढ जाणवला नाही. नर्मदेवर कुणी हात बाहेर काढला नाही.

इंदूरचा विमानतळ बिजासन टेकडीला लागून आहे. टेकडीवर देवीचं देऊळ, पायथ्याशी धावपट्टी. होळकर संस्थानानं १९३५ साली टाटांच्या नेव्हिल विंसेंटचा सल्ला घेऊन ही जागा निवडली. हा तोच विंसेंट. १९३२ च्या ऑक्टोबरात जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला विमान उतरवलं, तेव्हा तिथून ते टपाल पुढे मद्रासकडे यानंच नेलं होतं. मला त्या इतिहासापेक्षा टेकडीवरच्या देवळाचं अप्रूप वाटलं. रस्त्यानं आलं तरी वाटेत बिजासन, आभाळातून आलं तरी उतरताना बिजासन. आप्पा असते तर म्हणाले असते, मग फरक काय पडला?

फुईचं घर एरोड्रम रोडच्या आतल्या बाजूला. खाटेवर ती इतकी लहान झाली होती की आधी मला गोधडीच दिसली. मी जवळ बसले, तिनं माझा हात हातात घेतला, आणि कुणालाही सुचेल तोच प्रश्न विचारला. किती वेळ लागला?

"सव्वा तास, फुई."

तिनं ते ऐकून घेतलं. डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "घर दिखनं का वं?"

दिसलं, म्हणाले मी. रूळ दिसले, तापी दिसली. तापीला पाणी आहे आता उन्हाळ्यात. आपलं धाबं? धाबं नाही ओळखू आलं. तिनं मान हलवली, जणू तेवढं पुरे होतं. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, आमच्याकडच्यासारखा उंच आणि विरळ नाही, तर दारं-खिडक्या थरथरवणारा, छपराला लागून जाणारा आवाज. एक विमान उतरत होतं. फुई डोळे न उघडता म्हणाली, की हे मुंबईचं. दिवसातून येतात काही. इतकी वर्षं ती ते ऐकते आहे. आणि दर वेळी तिच्या मनात येतं, आत्ता, थोड्या वेळापूर्वी हे आपल्या घरावर होतं.

मला हे माहीतच नव्हतं. आम्ही धाब्यावरून ज्याला निरोप द्यायचो ते इकडे कुणाला तरी पोचत होतं, हे आप्पांनाही शेवटपर्यंत कळलं नसावं. त्यांनी तेवढं दिशेवर सोडलं होतं.

रविवारी संध्याकाळचं माझं परतीचं तिकीट होतं. सोमवारी ऑफिस. निघताना फुईनं नातीला सांगून शेवेचा पुडा आणि पोळीत गुंडाळलेला गूळ दिला, प्रवासात खायला, सव्वा तासाच्या प्रवासात. आणि दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "जल्दी येस नि जल्दी जास." त्यात रुसवा नव्हता. नुसतं सांगणं होतं. पण ते मला लागलं, आजही लागतं. अंतर जेवढं आटलं तेवढा मुक्काम आटला, हा व्यवहार आपण कधी आणि कुणाला विचारून केला? जी वाट एक अख्खा दिवस मागायची ती दीड महिना देऊन जायची. सव्वा तास घेणारी वाट शनिवार-रविवार देते, आणि त्यातही शनिवारची दुपार झोपेत जाते.

गावातल्या घराघरांत आता हे तास बोलले जातात. अमक्याचा मुलगा पुण्याला, तमकीची मुलगी अमेरिकेत. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आणि पंधरा-सोळा तास हे ज्यांनी जळगाव सोडून पूर्वेला काही पाहिलं नाही अशा आयांनाही तोंडपाठ असतं. जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी, हेही त्यांना ठाऊक आहे. वर उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून परतीचं विमान लवकर पोचतं. एका आईनं मला हे कारण ऐकून सांगितलं होतं, की वाऱ्याचं काय असेल ते असो, माहेरची वाट कमीच भरते.

जळगावला विमानतळ झाला. २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेतलं पहिलं विमान तिथून मुंबईला गेलं, मग बंद पडलं, मग दुसऱ्यांनी सुरू केलं, मग पुन्हा तेच. आमच्यासाठी तो शंभर किलोमीटर पूर्वेला; उलट्या दिशेनं जाऊन विमान धरण्याची सवय आम्हाला आहेच. मला खरी उत्सुकता आहे ती रुळांची. मनमाड ते इंदूर, धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधव्यावरून जाणारा ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर केला. आप्पांच्या तरुणपणापासून या मार्गाची नुसती चर्चा ऐकू यायची. तो पुरा झाला की आमच्या आडव्या मुलखात उभी आगगाडी धावेल, विमानाच्या रेघेच्या जवळजवळ खालून, आणि तिला नरडाण्याला थांबा असेल. फुईच्या नातीला मी सांगून ठेवलं आहे. पहिल्या आखाजीला मी मुराळी म्हणून येणार, आणि तू दोन दिवसांची रजा मागू नकोस, महिन्याची माग.

तोवर तुम्ही कधी मुंबईहून इंदूरला विमानानं निघालात, तर उजवीकडची खिडकी मागून घ्या, शक्यतो पंखाच्या पुढची, आणि दिवसाउजेडी सुटणारं विमान धरा. विमान सुटून अर्धा तास उलटला की डुलकी लागू देऊ नका. रुंद पाण्याची जी नदी आडवी येईल ती तापी. तिच्या अलीकडे दुहेरी रुळांच्या कडेला जे गाव दिसेल ते बहुधा शिंदखेडा. परतीच्या विमानात तीच बाजू डावीकडे येते.